पुढच्याने ब्रेक मारला, दहाव्या गाडीला कळणार कसं? गाड्यांच्या आपसातल्या बोलण्याचा हिशोब

घाटात किंवा हायवेवर ट्रक बंद पडला की क्लीनर काय करतो? खाली उतरतो, आजूबाजूच्या झाडाची एक फांदी तोडतो आणि ट्रकच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर टाकतो. फांदी मिळाली नाही तर चार दगड रचतो. मागून येणाऱ्याला दुरूनच कळतं, पुढे काहीतरी गडबड आहे. समोरच्या लेनमधून येणारा ड्रायव्हर दोनदा हेडलाइट मारतो, हात खाली-वर करून ‘हळू घ्या’ म्हणतो. आपल्याकडची वाहनांची इमर्जन्सी मेसेज सिस्टीम आजही मुख्यतः एवढीच आहे: फांदी, दगड, डिपर आणि हात.

आता यात बदल होण्याची चिन्हं आहेत. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी गाड्यांमध्ये व्हेइकल-टू-व्हेइकल, म्हणजे व्ही-टू-व्ही कम्युनिकेशन आणण्याची योजना जाहीर केली. त्यासाठी ५.८७५ ते ५.९०५ गिगाहर्ट्झ हा ३० मेगाहर्ट्झचा पट्टा द्यायला दूरसंचार विभागाने तत्त्वतः तयारी दाखवली आहे. बातमी आली, रील्स बनल्या, ‘आता गाड्या एकमेकींशी बोलणार’ असे थंबनेल झळकले. पण बोलणार म्हणजे नक्की काय? आणि धोक्याची बातमी एका गाडीतून शंभर गाड्यांपर्यंत डोळ्याची पापणी लवायच्या आत पोहोचवणं इतकं अवघड का आहे? आज तेच समजून घेऊ. शेवटी एक टोचणारा प्रश्नही आहे, कारण तुमच्यापैकी बरेच जण कार नाही, बाईक चालवता.

आधी माणसाचा स्पीड मोजू

गाडी ताशी १०० किलोमीटरने चालली असेल तर ती एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. पुढे काही दिसलं, मेंदूने ते ओळखलं, पाय ब्रेकवर गेला, यात साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ४२ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असतील तर थांबायला अजून ५५ मीटर लागतात. एकूण जवळपास १०० मीटर. पाऊस असेल, टायर घासलेले असतील, तर जास्तच.

हे झालं एका गाडीचं. आता धुकं आहे किंवा पुढे मोठा कंटेनर आहे अशी कल्पना करा. तुम्हाला फक्त लगेच पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट दिसतात. पहिल्या गाडीने ब्रेक मारला, दुसऱ्याने ते पाहून मारला, तिसऱ्याने दुसऱ्याचं पाहून. प्रत्येक जण एकेक सेकंद खातो. दहाव्या गाडीपर्यंत बातमी पोहोचायला आठ-नऊ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात ती गाडी सव्वादोनशे-अडीचशे मीटर पुढे आलेली असते. एकामागून एक गाड्या आदळतात त्यामागे बहुतेक वेळा हेच गणित असतं. यमुना एक्सप्रेसवेवर धुक्याच्या दिवसांत होणारे साखळी अपघात आठवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने उतारावर कितीतरी गाड्यांना धडक दिली होती, तेही आठवा. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. एकूण अपघातांपैकी जवळपास पाचवा हिस्सा मागून धडक बसण्याचा होता.

रेडिओला मात्र पुढच्या कंटेनरने दृष्टी अडवली म्हणून मेंदूने विचार करेपर्यंत थांबावं लागत नाही. साधारण ३०० बाइटचा मेसेज ६ मेगाबिट प्रति सेकंदाने पाठवला तर हवेत तो ०.४ मिलिसेकंद राहतो. पहिल्या गाडीने जोरात ब्रेक दाबला की दहाव्या गाडीला तो मेसेज जवळपास त्याच क्षणी मिळू शकतो. नऊ सेकंद वाचले. हा फायदा इतका मोठा आहे की बाकीची सगळी डोकेदुखी सहन करायला हरकत नाही. आता त्या डोकेदुखीकडे वळू.

गाड्या नेमकं काय बोलतात?

व्ही-टू-व्हीमध्ये दोन प्रकारचे मेसेज असतात.

पहिला प्रकार म्हणजे हजेरी. प्रत्येक गाडी सेकंदाला साधारण दहा वेळा सांगत राहते: मी इथे आहे, या दिशेने जातेय, स्पीड एवढा, ब्रेक दाबलाय की नाही. अमेरिकन स्टँडर्डमध्ये याला बेसिक सेफ्टी मेसेज म्हणतात, युरोपमध्ये कॅम. गाडीचा वेग ०.४ जी पेक्षा जास्त झपाट्याने कमी झाला तर याच मेसेजमध्ये ‘हार्ड ब्रेकिंग’चा झेंडा वर होतो.

दुसरा प्रकार म्हणजे आरोळी. अपघात झाला, गाडी बंद पडली, रस्त्यावर ऑइल सांडलं, की एक वेगळा मेसेज निघतो. युरोपमध्ये त्याला डेनम म्हणतात. हा फक्त आसपासच्या गाड्यांसाठी नसतो. तो एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे असा मागे मागे पोहोचवायचा असतो, कारण एका रेडिओची रेंज साधारण ३०० मीटरच्या आसपास धरली जाते.

हे सगळं मोबाइल टॉवरशिवाय, थेट गाडी ते गाडी चालतं. घाटात नेटवर्क नसलं तरी चालतं. म्हणून तर हा वेगळा पट्टा राखून ठेवायचा.

सगळे एकदम ओरडले तर कोणालाच ऐकू येत नाही

आता खरी गंमत. आरोळी पुढे पोहोचवायची म्हणजे काय करायचं? सगळ्यात सोपी आयडिया: ज्याला मेसेज मिळाला त्याने तो पुन्हा पाठवायचा. व्हॉट्सअॅप फॉरवर्डसारखं.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमच्या ग्रुपने हाच प्रोजेक्ट घेतला होता. सिम्युलेटरमध्ये एक हायवे केला, गाड्या सोडल्या, एका गाडीला अपघात करवला आणि बाकी सगळ्यांना ‘मिळालं की फॉरवर्ड करा’ असं सांगितलं. वीस गाड्या असेपर्यंत झकास चाललं. गाड्या वाढवत गेलो तसा मेसेज आधीपेक्षा उशिरा पोहोचायला लागला, आणि काही गाड्यांना मिळालाच नाही. आम्हाला वाटलं कोडमध्ये बग आहे. दोन रात्री बग शोधत बसलो. बग नव्हता.

या प्रकाराला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात, आणि १९९९ च्या एका प्रसिद्ध रिसर्च पेपरपासून त्यावर अभ्यास सुरू आहे. रेडिओचं चॅनल म्हणजे एकच माइक असलेली खोली. दोन जण एकाच वेळी बोलले तर दोघांचंही गिचमिड होतं. त्यात ब्रॉडकास्टची आणखी एक अडचण आहे. घरच्या वाय-फायवर तुमचा फोन राउटरला पॅकेट पाठवतो तेव्हा राउटर ‘मिळालं’ अशी पावती देतो. पावती आली नाही तर फोन पुन्हा पाठवतो. ब्रॉडकास्टमध्ये पावती नसते. शंभर जणांनी पावती दिली तर पावत्यांचीच चेंगराचेंगरी होईल.

वळणावरच्या गाड्यांचा त्रास तर वेगळाच. वळणाच्या अलीकडची गाडी आणि पलीकडची गाडी यांना एकमेकींचं ऐकू येत नाही, म्हणून दोघीही चॅनल मोकळं आहे असं समजून बोलतात. बरोबर मध्ये असलेल्या गाडीला दोन्ही मेसेज एकदम येतात आणि दोन्ही खराब होतात. याला हिडन टर्मिनलचा प्रॉब्लेम म्हणतात. आपल्या घाटांत वळणांची कमी नाही.

मग उपाय काय? सगळ्यात लांबच्याने बोलायचं

यावरचा सगळ्यात चांगला उपाय कळला की वाटतं, अरे, एवढं सोपं!

समजा अपघातग्रस्त गाडीने आरोळी दिली आणि मागच्या ३०० मीटरमधल्या ४० गाड्यांना ती ऐकू आली. चाळीसही जणांनी पुन्हा ओरडायची गरज नाही. सगळ्यात मागच्या, म्हणजे २८०-२९० मीटरवरच्या एकीने ओरडलं तरी पुरे. तिचा आवाज सगळ्यात पुढपर्यंत, म्हणजे नव्या गाड्यांपर्यंत जाईल. जवळच्या गाडीने ओरडून उपयोग नाही, कारण तिच्या टप्प्यातल्या बहुतेकांना आधीच कळलंय.

पण ‘सगळ्यात लांबची मीच’ हे त्या गाडीला कोण सांगणार? कोणीच नाही. ते वेळेने ठरतं. मेसेजमध्ये पाठवणाऱ्याचं जीपीएस लोकेशन असतं. प्रत्येक गाडी आपलं अंतर मोजते आणि त्यावरून किती थांबायचं ते ठरवते. उदाहरणार्थ, २०० ते ३०० मीटरवरच्या गाड्या लगेच बोलतील, १०० ते २०० वाल्या ५ मिलिसेकंद थांबतील, त्याहून जवळच्या १० मिलिसेकंद. थांबलेली गाडी कान उघडे ठेवते. तेवढ्यात दुसऱ्या कोणी तोच मेसेज पाठवलेला ऐकू आला की ती आपला मेसेज रद्द करते. कोणी बोललंच नाही तर मग ती बोलते. एकाच टप्प्यात तीन-चार गाड्या असतील तर त्यांच्यात थोडा रँडम वेळ टाकतात, म्हणजे त्या एकमेकींवर आदळत नाहीत.

आणि पावतीचं काय? तीही फुकटात मिळते. मी ओरडलो, आणि थोड्या वेळात माझाच मेसेज मागून कोणीतरी पुन्हा म्हणालं, तर समजायचं बातमी पोहोचली. नाही ऐकू आलं तर मी पुन्हा ओरडायचं.

युरोपियन स्टँडर्डमधली एक पद्धत याच तत्त्वावर चालते. साधारण २५० मीटरची एक उडी धरली तर दोन किलोमीटर मागे जायला आठ उड्या. प्रत्येक उडीला १०-१५ मिलिसेकंद. काही मेसेज वाया गेले, पुन्हा पाठवावे लागले, तरी सेकंदाच्या आत बातमी दोन किलोमीटर मागे पोहोचू शकते.

रस्ता मोकळा असेल आणि मागे ३०० मीटरमध्ये कोणीच नसेल तर? तिथे समोरच्या लेनमधला डिपर मारणारा ड्रायव्हर आठवा. उलट दिशेने जाणारी गाडी मेसेज स्वतःकडे साठवून ठेवते, वाहून नेते आणि पुढे भेटणाऱ्या गाड्यांना सांगते. आपल्या ड्रायव्हरकाकांनी कुठला पेपर न वाचता हा प्रोटोकॉल कधीपासून चालवलाय.

जाम झाला की हजेरीच जास्त होते

अजून एक हिशोब करू. एका गाडीची हजेरी सेकंदाला १० वेळा, प्रत्येक वेळी ०.४ मिलिसेकंद. म्हणजे एक गाडी सेकंदातले ४ मिलिसेकंद खाते. एकही धक्का न लागता सगळ्यांनी शिस्तीत बोललं तरी एका चॅनलवर २५० गाड्यांनी सेकंद भरून जातो. आता मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरचा सुट्टीच्या दिवशीचा जाम आठवा. दोन्ही बाजू मिळून सहा लेन, पुढे-मागे ३०० असे ६०० मीटर, प्रत्येक गाडीला ८ मीटर. झाल्या ४५० गाड्या. म्हणजे चॅनल हजेरीनेच गच्च, आरोळीला जागाच नाही.

म्हणून दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, चॅनल किती भरलंय हे प्रत्येक गाडीने मोजत राहायचं आणि गर्दी वाढली की हजेरी कमी करायची. जाममध्ये रांगत असताना सेकंदाला दहा वेळा ‘मी इथेच आहे’ सांगायची गरजही नसते. दोन, आरोळीला प्राधान्य. रस्त्यावर ॲम्ब्युलन्सला वाट देतात तसं इमर्जन्सी मेसेजला रेडिओवर आधी बोलायची संधी मिळते.

तुमचा फोन हे का करू शकत नाही?

२०२३ मध्ये एक दिवस अचानक सगळ्यांचे फोन जोरात वाजले होते, आठवतंय? स्क्रीनवर इमर्जन्सी अलर्ट, घरात सगळे घाबरलेले. ती दूरसंचार विभागाची सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. मग तीच सिस्टीम अपघातासाठी का नको?

कारण तो अलर्ट सरकारी यंत्रणेकडून टॉवरला आणि टॉवरकडून त्या भागातल्या सगळ्या फोनना जातो. पूर, वादळ यांसाठी उत्तम. पण तुमच्या १०० मीटर पुढच्या गाडीने आत्ता ब्रेक मारला हे सांगायला तो कामाचा नाही. आयफोन १४ पासून आलेलं क्रॅश डिटेक्शनही मदतीसाठी कॉल लावतं, मागून येणाऱ्या गाडीला सावध करत नाही. मॅप्सवर दिसणारा अपघाताचा आयकॉन चांगला आहे, पण तो सर्व्हरमार्गे येतो. आणि आपल्या फोनमधलं नेहमीचं वाय-फाय या राखीव पट्ट्यातल्या गाड्यांच्या गप्पांसाठी बनवलेलंच नाही.

पण इथे एक बारकावा आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. दोन किलोमीटर मागच्या गाडीला अपघातापर्यंत यायला ताशी १०० च्या वेगाने ७२ सेकंद लागतात. तिला मिलिसेकंदांची घाई नाही. तिला मोबाइल नेटवर्कवरून तीन सेकंदांनी कळलं तरी चालेल. घाई आहे ती पहिल्या ३०० मीटरमधल्या गाड्यांना. म्हणजे जवळच्यांसाठी थेट रेडिओ आणि लांबच्यांसाठी नेटवर्क, असं मिश्रण शहाणपणाचं ठरतं. सगळं एकाच तंत्रज्ञानावर ढकलायची गरज नाही.

अमेरिकेने २० वर्षं कशी घालवली

तंत्रज्ञान एवढं तयार आहे तर जगभर का नाही? अमेरिकेची गोष्ट त्यासाठी वाचण्यासारखी आहे. तिथल्या एफसीसीने १९९९ मध्येच ५.९ गिगाहर्ट्झमधला ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा यासाठी राखून ठेवला. वाय-फायच्या घराण्यातलं ८०२.११पी हे स्टँडर्ड २०१० मध्ये आलं. डिसेंबर २०१६ मध्ये नव्या गाड्यांना व्ही-टू-व्ही सक्तीचं करायचा प्रस्ताव आला. तो लागू झालाच नाही, २०२३ मध्ये अधिकृतपणे मागे घेतला. मधल्या काळात मोबाइल इंडस्ट्रीने २०१७ च्या सुमारास सी-व्ही-टू-एक्स हे दुसरं तंत्रज्ञान आणलं. दोन्हींचे रेडिओ एकमेकांची भाषा समजत नाहीत. कुठलं निवडायचं या वादात कंपन्या थांबल्या. टोयोटाने २०१८ मध्ये जाहीर केलेली योजना २०१९ मध्ये थांबवली. शेवटी २०२० मध्ये एफसीसीने ठरवलं, हा पट्टा फारसा वापरलाच जात नाही. ७५ पैकी ४५ मेगाहर्ट्झ साध्या वाय-फायला देऊन टाकले, ३० उरले ते सी-व्ही-टू-एक्सला.

युरोपमध्ये फोक्सवॅगनने गोल्फच्या आठव्या पिढीत वाय-फायवालं तंत्रज्ञान दिलं, चीनने सी-व्ही-टू-एक्स निवडलं.

यातून दिसतं की इथे अँटेना आणि चिप ही मुख्य अडचण नाही. मुख्य अडचण आहे ‘आधी कोण?’ ही. हिशोब बघा. रस्त्यावरच्या १० टक्के गाड्यांत हे उपकरण असेल तर कुठल्याही दोन गाड्या एकमेकींशी बोलू शकण्याची शक्यता १० नाही, फक्त १ टक्का. ५० टक्के गाड्यांत असेल तरी २५ टक्केच. सुरुवातीला पैसे देऊन उपकरण घेणाऱ्याला फायदा जवळपास शून्य. तुमच्या ओळखीत कोणीच वापरत नाही असं मेसेजिंग ॲप तुम्ही पैसे देऊन घ्याल का?

म्हणून स्वेच्छेने हे होणं कठीण. सक्ती, एकच स्टँडर्ड आणि जुन्या गाड्यांत बसवता येईल असं स्वस्त उपकरण, हे तिन्ही लागणार. घाटातल्या वळणांवर रस्त्याकडेला युनिट बसवले तर सुरुवातीच्या काळात, गाड्या कमी असतानाही, थोडा फायदा मिळेल.

खोटी आरोळी दिली तर?

कोणीतरी लॅपटॉप घेऊन पुलावर बसला आणि ‘पुढे अपघात’ असे मेसेज सोडायला लागला तर? यासाठी प्रत्येक मेसेजवर डिजिटल सही असते. सही बरोबर नसेल तर मेसेज कचऱ्यात. पण सही म्हणजे ओळख, आणि सेकंदाला दहा वेळा ओळख सांगत फिरायचं म्हणजे कोणीही तुमचा माग काढू शकतो. म्हणून गाडीकडे अनेक टोपणनावांची सर्टिफिकेट असतात आणि ती थोड्या थोड्या वेळाने बदलली जातात. ही सर्टिफिकेट देणारी यंत्रणा कोणाच्या हातात असेल, टोपणनावामागची खरी गाडी कोण शोधू शकेल, त्यासाठी कोर्टाची परवानगी लागेल का, हे प्रश्न आपल्याकडे आत्ताच, नियम बनण्याआधी विचारायला हवेत.

आणि आता टोचणारा प्रश्न

२०२२ मध्ये रस्त्यांवर गेलेल्यांपैकी जवळपास ४४ टक्के दुचाकीवरचे होते. देशात नोंदलेल्या वाहनांपैकी साधारण तीन चतुर्थांश दुचाकीच आहेत. व्ही-टू-व्हीची बहुतेक चर्चा मात्र कारभोवती फिरते. ज्या गाडीत एअरबॅग आहे, सीटबेल्ट आहे, तिला अजून एक कवच मिळणार आणि ज्याच्या अंगावर फक्त हेल्मेट आहे तो या गप्पांत ऐकूही जाणार नाही आणि दिसणारही नाही. उलट एक नवा धोका आहे. कारवाल्याला सवय लागेल की स्क्रीनवर अलर्ट नाही म्हणजे पुढे कोणी नाही. पण पुढे बाईक असेल, तिच्याकडे रेडिओ नसेल.

तांत्रिक उत्तर अवघड नाही. बाईकला पूर्ण सिस्टीम नको, फक्त ‘मी इथे आहे’ एवढं बोलणारा छोटा युनिट चालेल. पुढेमागे फोनमध्येच अशी चिप येऊ शकते. पण ते कोणी मागितलं तरच होईल. नियमाचा मसुदा आला की त्यात दुचाकी कुठे आहे, हे सगळ्यात आधी शोधा.

तोवर एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. शोरूममध्ये ‘कनेक्टेड कार’ म्हणून दाखवतात ती व्ही-टू-व्ही नाही. ती सिमवरून कंपनीच्या सर्व्हरशी बोलते, शेजारच्या गाडीशी नाही. अॅडासचा कॅमेरा आणि रडारही मुख्यतः समोर जे दिसतं तेवढ्यावरच चालतात, कंटेनरच्या पलीकडचा चौथा ब्रेक लाइट कॅमेऱ्याला दिसत नाही. सेल्समनला थेट विचारा: ही गाडी दुसऱ्या गाडीशी टॉवरशिवाय बोलते का? कुठल्या स्टँडर्डवर? उत्तर मिळालं नाही तर समजून जा.

आणि आज रात्री घाटात गाडी बंद पडली तर हजार्ड लाइट लावा, ट्रँगल मागे नीट लांब ठेवा आणि स्वतः रेलिंगच्या पलीकडे उभे राहा. रेडिओ यायला वेळ आहे. तोपर्यंत मागच्याला सांगायची जबाबदारी आपलीच.